बाहुल्याचा मशीन कट

वांद्र्याच्या कुठल्याही सलूनमध्ये खुर्चीत बसून ‘दोन नंबर मारा’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. मशीनला दोन नंबरची कंगी लागते आणि डोक्यावर ६ मिलिमीटर केस उरतात. एक नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, झीरो म्हणजे जवळपास चमनगोटा. आता हेच डोकं फूटभर उंचीच्या बाहुल्याचं आहे असं धरा. हौशी संग्राहकांच्या बाहुल्यांचं नेहमीचं प्रमाण एकास सहा, म्हणजे दोन नंबरचा केस उरला १ मिलिमीटर आणि एक नंबरचा अर्धा. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, तोही सहापट बारीक व्हायला हवा. कंबरेपर्यंतच्या वेण्या बाहुलीला पूर्वापार लावता येतात, पण हा एक मिलिमीटर साधायला विसावं शतक निम्म्याहून जास्त उलटावं लागलं.

याचं कारण केस लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. लांब केस झाकतात. गौरीच्या मुखवट्याला गंगावण बांधलं, त्यावर गजरा माळला, की आत ते कसं अडकवलंय हे कुणी बघत नाही. बारीक केस उलट सगळं उघडं पाडतात. केस कुठून उगवला, कुठे कलला, दोन केसांमधून कातडी किती दिसते, कानशिलाजवळ दाटी कशी ओसरते, डोक्यावरचा भोवरा कुठे आहे, हे सगळं नजरेला भिडतं. म्हणूनच मला हे काम बाहुलीच्या कारागिरीतलं सर्वांत प्रामाणिक काम वाटतं. लपवायला त्यात जागाच नाही.

आपल्याकडची जुनी वाट रंगाची. भातुकलीतल्या लाकडी ठकीचं डोकं काळ्या रंगात बुडवलेलं असे, आणि खेळायला तेवढं पुरत होतं. केस ही खरी वस्तू असावी असा हट्ट धरला तो मेणाच्या बाहुल्यांनी.

मेणाची माणसं वांद्र्याला नवी नाहीत. ८ सप्टेंबरला टेकडीवरच्या चर्चमधल्या मोत माउलीचा सण असतो आणि त्यानंतरच्या रविवारी आठवडाभराची जत्रा सुरू होते. टेकडीच्या वाटेवर तेव्हा मेणाचे हात, पाय, घरं मांडलेली दिसतात. मूल व्हावं म्हणून नवस बोलणारी बाई मेणाचं बाळ घेऊन वर जाते. त्या बाळाला केस असलेच तर साच्यातल्या रेघांपुरते. ते माउलीपुढे ठेवायचं असतं, निरखायचं नसतं. ज्या मेणाला निरखायचं होतं तिथे मात्र कारागिरांनी डोळे फोडून काम केलं. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये मोंतानारी आणि पिएरोत्ती या घराण्यांच्या मेणाच्या बाहुल्या नावाजलेल्या होत्या. १८५१च्या महाप्रदर्शनात मोंतानारीबाईंना पदक मिळालं. या बाहुल्यांच्या डोक्यात गरम सुईने किंवा पात्याने मेण उघडून खरे केस बसवलेले असत, उत्तम नगांमध्ये अगदी एकेक करून. मादाम तुसाँच्या पुतळ्यांचं डोकंही असंच एकेक केस रोवून भरतात, आणि त्यात आठवडे जातात. डोकं बारीक कापलेलं हवं असलं तरी कष्टात सूट नाही. आधी रोवायचं, मग कातरायचं.

ही रोवणी पुढे कारखान्यात शिरली आणि तिथेच तिचा घात झाला. मऊ व्हिनाइलच्या डोक्यात मशीन केस शिवतं ते एकेक नाही, भोकामागे एक झुबका, आणि झुबके ओळीने. १९५९च्या पहिल्या बार्बीचे सरान या प्लास्टिकच्या धाग्याचे केस असेच शिवलेले होते. लांब असताना हे छान दिसतं. तेच कात्रीने अर्ध्या सेंटिमीटरवर आणलं की प्रत्येक भोकातून ब्रशासारखा खुंट उभा राहतो आणि मध्ये गुलाबी प्लास्टिकचे पट्टे दिसतात. त्यातून धागा मुळात माणसाच्या केसाच्या आसपास जाड, म्हणजे बाहुलीच्या मापात सुतळीच. बार्बीचे केस कापून हिरमुसलेली मुलगी ज्यांनी घरात पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. किटी ब्लॅक पर्किन्स यांनी रचलेल्या १९८०च्या कृष्णवर्णी बार्बीला आखूड केस शोभले, कारण ते कुरळे होते आणि वळ्यांनी भोकं झाकली.

बारीक केसांचा खरा पूर्वज वेगळ्याच धंद्यातला आहे. लोकरी कापडाचा पृष्ठभाग कातरताना भुकटी पडायची. सतराव्या शतकात युरोपातल्या कारागिरांनी कागदावर डिंकाची नक्षी काढून त्यावर ती भुकटी भुरभुरली, आणि भिंतीला मखमलीसारखा कागद मिळाला. यालाच फ्लॉकिंग म्हणतात. दागिन्यांच्या डबीत आतून जी मखमल दिसते ती बऱ्याचदा अशीच चिकटवलेली भुकटी असते.

ही भुकटी डोक्यावर मिरवत १९६१मध्ये बार्बीच्याच मॅटेल कंपनीचा केन हा बाहुला आला. कल्पना अचूक होती, डिंक कच्चा होता. गंमत म्हणजे केन विकायला आला तो पोहण्याच्या लाल चड्डीत, सोबत टॉवेल घेऊन. मुलांनी अर्थातच त्याला पाण्यात घातलं, आणि त्याचे केस गळून पडले. पुढच्याच वर्षी कंपनीने साच्यातले प्लास्टिकचे केस दिले आणि विषय मिटवला. मला हा निर्णय घाईचा वाटतो. दोष केसांचा नव्हता, पण शिक्षा केसांना झाली.

ती चूक दुरुस्त झाली इंग्लंडमध्ये. पॅलिटॉय ही लेस्टरशरमधल्या कोलव्हिलची कंपनी १९६६पासून अॅक्शन मॅन नावाचा सैनिक बनवत होती. मूळ अमेरिकी जी. आय. जो १९६४चा, दोघांचेही केस रंगवलेले. १९७०मध्ये अॅक्शन मॅनच्या डोक्यावर फ्लॉकचे केस आले, आणि तीच युक्ती घेऊन जी. आय. जोलाही केस मिळाले, दाढीसुद्धा. इथे विजेची करामत होती. नायलॉनच्या तंतूंना विजेचा भार दिला की ते डिंकाकडे झेपावतात आणि आडवे न पडता टोकावर उभे राहतात. हजारो तंतू एकाच वेळी, सगळे खडे. सैनिकाच्या डोक्याला याहून साजेसं काय असणार! आजही जुन्या अॅक्शन मॅनचं टक्कल पडलेलं डोकं पुन्हा भरून देणारे हौशी लोक आहेत, आणि आजच्या हौशी कारागिरीला त्यांनी मोठा हातभार लावला.

वांद्र्यात या विद्येची एक सख्खी बहीण कधीपासून नांदते आहे. हिल रोडवरचा मेहबूब स्टुडिओ १९५४चा. पडद्यावरच्या नायकाला दोन दिवसांची दाढी हवी असली तर रंगभूषाकार क्रेपचे केस कात्रीने अगदी बारीक कातरतो, गालाला स्पिरिट गम लावतो आणि ब्रशाने तो चुरा टिपत टिपत चढवतो. हनुवटीवर दाट, गालाच्या हाडाकडे विरळ. रंगभूषाकार पंढरीदादा जुकरांच्या पिढीच्या पेटीतली ही नित्याची विद्या. हाताचा हा अंदाज आहे तसा बाहुल्याच्या डोक्याला लागू पडतो. फरक फक्त मापाचा.

ते माप नायलॉनच्या फ्लॉकने जवळपास नेमकं गाठलं. बाजारात दीड डेनियरचा (डेनियर हे धाग्याच्या बारीकपणाचं माप) तंतू मिळतो. त्याची जाडी ०.०१४ मिलिमीटरच्या आत भरते, म्हणजे माणसाच्या केसाचा जवळपास पाचवा हिस्सा. लांबी अर्धा मिलिमीटर किंवा एक मिलिमीटर, म्हणजे सलूनमधला एक नंबर किंवा दोन नंबर. असा योग क्वचित जुळतो.

टेबलावर काम असं चालतं. आधी जुने केस उपटून डोकं आतून-बाहेरून साफ करायचं, भोकं बुजवायची. मग केसांच्या रंगापेक्षा एक छटा फिकी घेऊन टाळू रंगवायची, कारण फ्लॉकमधून जे दिसतं ते हेच. कपाळाची रेघ सरळ ओढायची नाही, ब्रशाच्या टोकाने ठिपके देत तुटक न्यायची. डिंक पातळ आणि सगळीकडे सारखा हवा, जाड झाला तर केस बुडतात. छोट्या यंत्राची एक तार ओल्या डिंकात खोचलेल्या टाचणीला जोडायची आणि वरून चाळणी हलवायची. काही सेकंदांत डोकं भरतं. पावसाळ्यात समुद्राकाठच्या या दमट हवेत तंतू गुठळ्या धरतात, म्हणून फ्लॉक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डबीत ठेवावा लागतो.

यंत्राने उभे केलेले केस मात्र सगळे सारखेच ताठ असतात, आणि खऱ्या डोक्यावर तसे नसतात. डिंक ओला आहे तोवर कोरड्या मऊ ब्रशाने भोवऱ्यापासून बाहेर गोल फिरवत त्यांना कल द्यायचा. जमलं तर डोकं एकदम कुणाचं तरी होतं. दहा-पंधरा मिनिटं मिळतात, पुढे हात लावला की केस उपटून येतात.

सगळ्यात अवघड ती मापांची सरमिसळ. २००८च्या ‘गजनी’ चित्रपटानंतर आमिर खानसारखं डोकं करून मागणारी पोरं गल्लोगल्ली दिसत होती: बारीक केस आणि त्यातून गेलेली जखमेची रेघ. ते बाहुल्यावर आणायचं तर रेघेवर डिंक लागता कामा नये, आणि रेघेच्या कडा सुरीने कापल्यासारख्याही दिसता कामा नयेत. आजचा फेड कट त्याहून कठीण. कानाजवळ शून्य, वर जाता जाता दोन नंबर, आणि मध्ये कुठेही पायरी नको. आधी खाली अर्धा मिलिमीटर लावायचा, सुकला की वर एक मिलिमीटर, दोघांचा सांधा विरळ ठेवायचा, आणि कानाभोवतीचा शेवटचा पट्टा फ्लॉकला हात न लावता नुसत्या रंगाने धूसर करत संपवायचा.