एकोणतीस अंकी संख्या आणि वीरसेनाचार्यांचा हिशेब

जैन आचार्यांनी गणिताला शास्त्राध्ययनाचेच अंग मानले. संख्यात, असंख्यात आणि अनंत असे संख्येचे भेद त्यांनी केले. यांपैकी ‘संख्यात’ या भेदातील पुढील संख्या विशेष मननीय आहे :

७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६

पर्याप्त मनुष्यांचे प्रमाण म्हणून ही २९ अंकी संख्या परंपरेत सांगितली जाते. अनुयोगद्वारसूत्रात तिची ओळख दोन प्रकारे दिली आहे. दोनाच्या पाचव्या व सहाव्या वर्गाचा गुणाकार ही पहिली ओळख. ९६ वेळा निम्मी करता येणारी संख्या ही दुसरी. दोनाचा पहिला वर्ग ४, त्याचा वर्ग १६, पुढे २५६, ६५५३६ आणि पाचवा ४२९४९६७२९६. सहावा वर्ग २० अंकी होतो.

संख्या जितक्या वेळा निम्मी करीत एकापर्यंत आणता येते, तितके तिचे ‘अर्धच्छेद’, असे धवला टीकेत म्हटले आहे. पाचव्या वर्गाचे अर्धच्छेद ३२, सहाव्याचे ६४ आणि त्यांच्या गुणाकाराचे ९६. म्हणजे संख्यांच्या गुणाकाराचे काम अर्धच्छेदांच्या बेरजेने होते. याच तत्त्वावर उभे असलेले लॉगॅरिथम युरोपात नेपियरने १६१४ साली प्रसिद्ध केले. धवला त्याआधी सुमारे आठशे वर्षे लिहिली गेली.

परंतु धवलाकार वीरसेनाचार्यांची थोरवी याहून पुढची आहे. षट्खंडागमात मनुष्यसंख्येला दोन मर्यादा आहेत. ती दोनाच्या सहाव्या व सातव्या वर्गांच्या दरम्यान असावी, तसेच कोटीच्या त्रिवार व चतुर्वार गुणाकारांच्या दरम्यान असावी. वरील संख्या पहिल्या मर्यादेत बसते. दुसरीत मात्र बसत नाही. चार कोटींचा परस्पर गुणाकार म्हणजे एकावर २८ शून्ये. तोही २९ अंकीच, पण ही संख्या त्याच्या जवळजवळ आठपट आहे. आचार्यांनी मनुष्यक्षेत्राचे क्षेत्रफळ काढले, एवढे मनुष्य त्यात मावणार नाहीत हे दाखविले आणि ते मत अग्राह्य ठरविले. आगमावरील श्रद्धा अढळ ठेवूनही, परंपरेने आलेला आकडा त्यांनी तपासल्यावाचून स्वीकारला नाही.

हे ग्रंथ शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांत बंद होते. त्यांच्या प्रती व्हाव्यात म्हणून मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद या श्रावकांनी पुढाकार घेतला. पुढे प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून प्रकाशित झाला. चौथ्या भागात लखनौचे गणितज्ञ डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी तिच्यातील गणिताचा परिचय जगाला करून दिला.

जिनवाणीची पूजा आपल्या मंदिरांतून नित्य होते. तिच्यातील हिशेब नव्या पिढीच्या हाती पाटीपेन्सिलीसह देणे, हीही तिची उपासनाच होय.