रॅमदोष (नव्याने जोडलेल्या डेस्कटॉपमधील)

रॅमदोष : रॅममध्ये लिहिलेली माहिती वाचताना जशीच्या तशी परत न मिळणे, किंवा रॅम ओळखलीच न गेल्याने संगणक सुरू न होणे. सुटे भाग आणून जोडलेल्या डेस्कटॉपमध्ये हे दोन्ही प्रकार पहिल्या काही दिवसांतच दिसतात. त्यांतला पहिला जास्त घातक आहे. जो संगणक सुरूच होत नाही, तो कोणाचे काम बिघडवत नाही. चुकीची माहिती घेऊन वरवर सुरळीत चालणारा संगणक मात्र महिनोन्महिने फायली नासवतो, आणि ते लक्षात येईपर्यंत बॅकअपमध्येही तीच नासलेली फाइल जाऊन बसलेली असते.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक सूक्ष्म कपॅसिटर आणि त्याच्या दाराशी एक ट्रान्झिस्टर. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचे पेटंट १९६८ मध्ये मिळाले. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही १,०२४ बिटांची चिप बाजारात आली. आजच्या १६ जीबीच्या एका स्टिकमध्ये असे सुमारे १३,७०० कोटी बिट असतात. कपॅसिटरमधला विद्युत्भार सतत गळत असल्याने तो साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो, आणि चिप फार तापली तर त्याच्या निम्म्या वेळात. यांतला एकच बिट उलटला तर काय होते, ते दूध संकलन केंद्रातल्या एका नोंदीवर पाहता येईल. एका उत्पादकाचे दूध ३७ लिटर भरले. संगणकाच्या द्विमान पद्धतीत हा आकडा ०१००१०१ असा राहतो. यातला डावीकडचा पहिला बिट शून्याचा एक झाला की ११००१०१ होते, म्हणजे १०१ लिटर. पडद्यावर कुठलीही सूचना येत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने दोन्ही आकडे सारखेच वैध आहेत.

चुका दोन जातींच्या असतात. क्वचित, एकदाच आणि पुन्हा त्याच जागी न होणारी चूक बाहेरच्या किरणांमुळे होऊ शकते. चिपच्या वेष्टनातल्या किरणोत्सारी अंशामुळेही बिट उलटतात, हे इंटेलच्या मे आणि वुड्स या संशोधकांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले. दुसरी जात कायमच्या दोषाची. गूगलच्या सर्व्हरमधील रॅमचा मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक स्टिकमध्ये चुका आढळल्या, आणि त्यांतल्या बहुतेक कायमच्या दोषातून आलेल्या होत्या, असा निष्कर्ष निघाला. म्हणून नव्या संगणकात चूक पुन्हा पुन्हा येत असेल तर अवकाशातल्या किरणांवर बोट ठेवण्यात अर्थ नाही; कारण कॅबिनेटच्या आतच सापडते.

रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतीने उलटलेला एक बिट ओळखून दुरुस्त करता येतो. सर्व्हरमध्ये आणि पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकांत अशी ‘ईसीसी’ रॅम वापरतात. घरगुती डेस्कटॉपमध्ये ती सहसा नसते. डीडीआर-५ रॅमच्या चिपमध्ये दुरुस्तीची सोय असते खरी, पण ती चिपच्या आतल्या चुकांपुरतीच. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत झालेली चूक तिला दिसत नाही. ‘डीडीआर-५ला ईसीसी असतेच’ हे दुकानातले वाक्य त्यामुळे अर्धेच खरे आहे.

लक्षणे : निळा पडदा आणि त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ किंवा ‘पेज फॉल्ट’ असे शब्द, विंडोज टाकताना मध्येच फाइल सापडत नसल्याची तक्रार, मोठी झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचा संदेश, आणि तीच फाइल दुसऱ्या संगणकावर व्यवस्थित उघडणे. एकच प्रोग्रॅम दर वेळी एकाच ठिकाणी बंद पडत असेल तर संशय त्या प्रोग्रॅमवर घ्यावा. आज ब्राउझर, उद्या टॅली, परवा नुसता रिकामा डेस्कटॉप असे होत असेल, तर रॅम तपासावी.

कारणे : बाजारात ‘रॅम खराब निघाली’ असे सर्रास म्हटले जाते, पण नव्या संगणकात चिप खराब असणे हे कारण यादीत बरेच खाली येते. पहिले कारण म्हणजे स्टिक पूर्ण न बसणे. अनेक मदरबोर्डांवर आता स्लॉटच्या एकाच टोकाला खटका असतो. तो लागला म्हणून दुसरे टोकही खाली गेले, असे होत नाही. दोन्ही टोके अंगठ्याने दाबून पाहावीत. दुसरे कारण चुकीचे स्लॉट. चार स्लॉटांच्या बहुतेक बोर्डांवर दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात.

तिसरे कारण वेगाचे, आणि सर्वांत जास्त फसगत इथेच होते. खोक्यावर ६००० असा वेग छापलेला असतो, पण स्टिक बसवल्यावर ती आपल्या मूळ, कमी वेगाने चालते. छापलेला वेग मिळवायला बायोसमध्ये इंटेलचे एक्सएमपी किंवा एएमडीचे एक्सपो हे प्रोफाइल चालू करावे लागते. हे ओव्हरक्लॉकिंगच आहे. डीडीआर-४चा मानक दाब १.२ व्होल्ट, तर एक्सएमपी प्रोफाइलमध्ये तो बहुधा १.३५ व्होल्ट होतो. स्टिक तो वेग पेलते, पण प्रोसेसर पेलेलच याची हमी कोणी देत नाही. रॅमचा नियंत्रक एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये प्रोसेसरच्या आत नेला. त्यामुळे रॅमची चूक म्हणून जे दिसते ते कधी कधी प्रोसेसरचे, सॉकेटमधल्या वाकलेल्या पिनेचे किंवा एका बाजूने जास्त आवळलेल्या कूलरचे दुखणे असते. स्टिकची संख्याही मोजावी. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दोन स्टिकना ५२०० चा वेग अधिकृत केला, चार स्टिकना केवळ ३६००. आज दोन, पुढच्या दिवाळीला आणखी दोन अशी वेगवेगळ्या खोक्यांतली रॅम एकत्र केली की चुका निघणे नवलाचे नाही.

आणखी एक गोष्ट दोष नसताना दोष वाटते. डीडीआर-५चा नवा संगणक पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड प्रत्येक स्टिकशी वेळा जुळवून घेतो. त्यात काही मिनिटे जातात आणि पडदा काळाच राहतो. घाबरून बटण बंद केले की जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. तेव्हा दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

निदान : नियम एकच, एका वेळी एकच बदल. वेगही कमी केला, स्टिकही बदलली, बायोसही नवे टाकले आणि चूक थांबली, तर कशाने थांबली हे कधीच कळत नाही.

तपासणी विंडोज टाकण्यापूर्वी करावी. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस यांपैकी एक पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करावा. मूळ मेमटेस्ट८६ १९९४ मधले आहे. हे प्रोग्रॅम ठरावीक नमुने लिहून ते परत वाचतात. चूक सापडली की लाल ओळीत पत्ता, अपेक्षित मूल्य आणि मिळालेले मूल्य दिसते. अपेक्षित ००००००००, मिळाले ००००४००० असे असेल तर एकच बिट उलटला आहे. पुढच्या फेरीतही तोच पत्ता आणि तोच बिट आला, तर स्टिकमधील कायमच्या दोषाची शक्यता मोठी. पत्ते दर वेळी बदलत असतील, तर आधी वेग, व्होल्टेज आणि उष्णता पाहावी. चार फेऱ्यांना १६ जीबीसाठी काही तास लागतात; रात्री लावून ठेवणे सोयीचे. निकालात ‘एखादी चूक चालते’ असे काही नसते. शून्य म्हणजे उत्तीर्ण, एक म्हणजे नापास. विंडोजमधली स्वतःची मेमरी तपासणी सोपी आहे, पण ती उत्तीर्ण झाली एवढ्यावर समाधान मानू नये.

चूक निघाली तर पहिला बदल म्हणजे एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करून पुन्हा चाचणी. चुका गेल्या, तर स्टिक मूळ वेगाला ठीक आहे. बायोसची नवी आवृत्ती टाकून किंवा वेग एक पायरी उतरवून पाहावे. चुका राहिल्या, तर एकच स्टिक एका स्लॉटमध्ये ठेवून चाचणी, मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी, आणि हेच पुन्हा दुसऱ्या स्लॉटमध्ये. एक स्टिक दोन्ही स्लॉटांत चुकते आणि दुसरी कुठेच चुकत नाही, तर पहिली खराब. दोन्ही स्टिक एकाच स्लॉटमध्ये चुकतात, तर बोर्ड किंवा प्रोसेसर तपासावा. नव्या स्टिकचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. जुन्या, काजळी धरलेल्या रॅमवर तिचा उपयोग होत असे. नव्या स्टिकवर सोन्याचा पातळ थर झिजतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो.

राहुरी परिसरातील परिस्थिती : राहुरी येथे १९६८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. प्रयोगांच्या आकडेवारीवर प्रबंध उभे राहतात अशा ठिकाणी मूक चुकीची किंमत मोठी असते. मुळा धरणाच्या लाभक्षेत्रातला हा ऊसपट्टा. वस्तीवरच्या घरांत विहिरींच्या मोटारी सुरू होताच दाब खाली जातो, बंद होताच वर उसळतो. यामुळे संगणक अचानक बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि दोष रॅमवर ढकलला जातो. मेमटेस्टमध्ये चुका शून्य असतील आणि संगणक तरी बंद पडत असेल, तर एसएमपीएस, इन्व्हर्टर आणि अर्थिंग पाहावे. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर अनेक चांगल्या एसएमपीएसना मानवत नाही. साइन वेव्हचाच घ्यावा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही किंवा निकामी झाले आहे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि जोड कमकुवत होतो. त्या खड्ड्यात पाणी घालत राहणे हा वायरमनचा सल्ला योग्य आहे. पारा चाळिशीला टेकतो तेव्हा रॅमही तापते. हिवाळ्यात उत्तीर्ण झालेल्या संगणकाची एप्रिल-मेमध्ये पुन्हा एक चाचणी घ्यावी.

ग्राहकाचे हक्क : चाचणीच्या लाल ओळींचा फोटो आणि बिल जपून ठेवावे. दोन स्टिकचा संच घेतला असेल तर दोन्ही बदलून मागाव्यात, कारण संच एकत्र तपासून विकलेला असतो. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. म्हणून पुण्याच्या बुधवार पेठेतून किंवा ऑनलाइन घेतलेल्या रॅमची तक्रार राहुरीच्या ग्राहकाला अहिल्यानगरच्या जिल्हा आयोगात करता येते. स्वतःच्या उपजीविकेसाठी संगणक घेतलेला डीटीपीवालाही यात ग्राहक धरला जातो. मुदत दोन वर्षांची असून पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.