चौकटीचा कोपरा आणि त्याचा कर्ता

वास्तूंचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे एक ठराविक रीत आहे. धन्याचे नाव, नकाशा काढणाराचे नाव, पायाभरणीचे वर्ष आणि खर्चाचा आकडा एवढे आले की इतिहास पुरा झाला असे मानतात. दार ज्याने घडविले त्याला त्यात जागा नसते. म्हणून आज श्रोत्यांपुढे आम्ही दाराचा केवळ एक कोपरा ठेवीत आहोत.

जुन्या इंग्रजी वळणाच्या घरांत चौकटीभोवती शोभेची लाकडी पट्टी मारलेली असते. उभी आणि आडवी पट्टी जेथे भेटते तेथे कधी कधी एक चौरस ठोकळा दिसतो. त्यावर एकात एक वर्तुळे, नाहीतर पाकळ्यांचे फूल. पाहणारा त्याला हौस म्हणेल. पण सुतार त्यात आधी सोय पाहतो. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि कोरड्या दिवसांत आटते. मात्र हा फरक लांबीत नगण्य, रुंदीत बराच असतो. दोन पट्ट्या ४५ अंशांत तिरप्या कापून जोडल्या, की रुंदी बदलताच कोन बदलतो आणि सांधा तोंड उघडतो. मधे ठोकळा असला तर दोन्ही पट्ट्या सरळ कापून त्याला भिडवाव्यात. ठोकळा पट्टीहून किंचित रुंद आणि जाड ठेवतात. पट्टी थोडी हलली तरी डोळ्यांना कळत नाही. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती मोलाची होती.

तो घडविणे मात्र सोपे नाही. कातारी वाळलेल्या सागाचा चौरस तुकडा घेतो, दोन कर्ण आखून मध्य काढतो, चरकाच्या तबकडीवर तुकडा आवळतो आणि फिरत्या लाकडाला गोल धारेची पटाशी लावतो. मध्य जरासा चुकला की वर्तुळे एका कडेला झुकतात. शिवाय प्रत्येक फेऱ्यात धार दोनदा तंतूंना आडवी जाते. ती बोथट असेल तर लाकूड तेथे उपसून येते.

आमच्या वाड्यांत ही वेगळी पट्टी नव्हती. गणेशपट्टी काय किंवा कमळे काय, चौकटीच्या लाकडातच कोरीत. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पन्हळी पट्टी आणि कोपऱ्यावरचा गोल यांची चाल पडली. पुढे अमेरिकेत वाफेच्या कारखान्यांनी असे ठोकळे ढिगांनी काढून सूचिपत्रांतून विकले. एका कारागिराची युक्ती तेथे दुकानातला माल झाली.

मुंबईत ही चाल आली तेव्हा तिच्यामागे सागही होता. १८६३ साली येथे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाले. त्याच कंपनीला ब्रह्मी दरबाराने सागाच्या प्रकरणी दंड केला, आणि ते निमित्त करून १८८५ साली इंग्रजांनी मंडालेवर स्वारी केली. पुढे १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या गेल्या, आणि दारांची मागणी वाढली. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेताच तो साग थांबला. राजे हरले, कंपन्या कमावत्या झाल्या. पण सुताराचे काय?

गावी तो बलुतेदार होता. सुगीला त्याला धान्य मिळे, मान थोडा असला तरी नाव सर्वांना ठाऊक असे. शहरात तो रोजावर आला, मग नगावर. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेत किमान १० कामगार असले तरच तिला कारखाना मानले. तिघाचौघांचे सुतारखाने कायद्याच्या उंबरठ्याबाहेरच राहिले. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने नोंदणीसाठी वर्षात ९० दिवसांच्या कामाची अट घातली. पण आज या मालकाकडे, उद्या त्या ठेकेदाराकडे जाणाऱ्याने दाखला कोणाकडे मागावा? संघटनेच्या कामासाठी अँटॉप हिलच्या गल्ल्यांतून हिंडताना हा प्रश्न आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे. ज्यांच्या हातून शंभर दारे गेली, त्यांच्याजवळ त्यांतल्या एकाही दाराचा कागद नसतो.

आता जुन्या इमारती पडत आहेत. त्यांचा साग वाया जात नाही. दारे उतरवून विकली जातात आणि कोरीव कामाला वेगळा भाव येतो. लाकडाचे वय वाढले तशी त्याची किंमत वाढली. माणसाचे वय वाढले म्हणजे मात्र त्याचे काम जाते. लाकडाला लागणारा न्याय माणसाला लागू नये, हे आम्हाला मान्य नाही.

आमचे मागणे साधे आहे. नगावर काम देणाऱ्याने नगांची नोंद मिस्त्रीच्या हातीही द्यावी; तीच त्याचा दाखला ठरावी. आणि नव्या घराच्या कोनशिलेवर धन्याच्या नावाखाली सुताराच्या नावापुरती एक ओळ ठेवावी. इतिहास लिहिणाराला मग तो शोधावा लागणार नाही.