'किंचित बदल' म्हणजे काय?

गर्भाशयमुखाच्या तपासणीचा अहवाल येतो आणि त्यात 'पेशींमध्ये किंचित बदल' असे लिहिलेले असते. एखाद्या घरात लगेच कर्करोगाची धास्ती बसते, तर दुसऱ्या घरात 'किंचितच आहे ना?' म्हणून कागद कपाटात जातो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या विखुरलेल्या वाड्यांवरून तालुक्याला जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो. तेव्हा कागद कपाटात ठेवणेच सोपे वाटते. या शब्दांचा अर्थ त्यांच्या इतिहासात शोधू या.

गर्भाशयमुखावरून सुटलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कर्करोग ओळखता येतो, असे जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी १९२८ मध्ये अमेरिकेत मांडले. तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. हर्बर्ट ट्राउट यांच्यासह १९४१ मध्ये लिहिलेल्या निबंधानंतर मात्र ही 'पॅप' चाचणी रुजू लागली. पापानिकोलाऊंनी पेशींचे पाच वर्ग केले : पहिला निर्दोष, पाचवा निश्चित कर्करोग. घोटाळा होई तो मधल्या वर्गांत. प्रत्येक प्रयोगशाळा त्यांचा आपापला अर्थ लावी. म्हणून १९८८ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे नवी परिभाषा ठरली. तीत सौम्य बदल आणि तीव्र बदल वेगळे केले गेले व 'अर्थ अनिश्चित' असाही एक गट मान्य झाला.

हे बदल होतात कशामुळे? हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) सोळावा प्रकार सापडला. या विषाणूंचा संसर्ग अगदी सर्रास आढळतो. बहुतेक स्त्रियांचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला आवरते आणि सौम्य बदलही ओसरतात. थोड्याजणींत मात्र तो टिकून राहतो. त्यातून कर्करोग झालाच, तर त्याला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात.

आपल्याच राज्यातला पुरावा पाहू. तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ५२ गावसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक केंद्र त्यात होते. पॅप चाचणी झालेल्या दर १०० स्त्रियांत सुमारे ७ जणींचा अहवाल सदोष आला. पुढील तपासणीत तीव्र बदल आढळले ते सुमारे एकीलाच. हे तीव्र बदलही कर्करोग नव्हेत, त्याची पूर्वावस्था होत. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : एकदाच एचपीव्ही चाचणी दिलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले.

चाचणी स्वतः कोणाला बरे करीत नाही. दोष दिसलेल्या स्त्रियांची पुढची तपासणी व गरजेप्रमाणे उपचार झाले, म्हणून हे साधले. तेव्हा 'किंचित बदल' याचा अर्थ एवढाच : घाबरू नका, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत पुन्हा जा. पेशीचा धडा शिकवताना शिक्षकांनी एवढे सांगितले, तरी ते मुलांमार्फत घरच्या कपाटापर्यंत पोहोचेल.