फराळाची भांडी, किल्ल्याची माती: सोलापूरच्या घरगुती आराशीतली उसनवारी

सोलापुरात हौसेने प्रतिकृती घडवणाऱ्यांचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा असतो. भाद्रपदात गणपती आणि महालक्ष्म्यांपुढची आरास, आश्विनाच्या अखेरीस दिवाळीचा किल्ला. उरलेले वर्ष हा कारागीर शाळेत, मागावर, गिरणीत नाहीतर कचेरीत असतो. त्याला स्वतंत्र कार्यशाळा नसते आणि या कामाची म्हणून वेगळी हत्यारेही नसतात. त्यामुळे जे लागेल ते घरातूनच उचलायचे, मूळ कामावरून काढून दुसऱ्याच कामाला जुंपायचे आणि जमल्यास कोणाच्या लक्षात येण्याआधी जागेवर ठेवायचे, या रीतीवर हा छंद उभा राहिला. आराशीत काय उसने आले होते ते कळले, की त्या काळात घरात कोणती वस्तू नवी होती हेही बहुधा सांगता येते.

विजेच्या आधीची उसनवारी धान्याच्या कोठीपासून सुरू होते. ज्येष्ठा-कनिष्ठा या महालक्ष्म्यांचे मुखवटे पितळेचे किंवा मातीचे असतात. धड मात्र घरातल्या भांड्यांचेच असे. दोन कोठ्या किंवा पत्र्याचे मोठे डबे धान्याने भरून, वजनाने स्थिर करून, त्यांवर साडी नेसवली की देवी उभी राहते. लोखंडी स्टँड आले तरी आत धान्य ठेवण्याची पद्धत अनेक घरांनी सोडली नाही. भांड्याचा असा वापर शास्त्रातच बसलेला असल्याने त्यावर कोणी रागावत नसे. सणाचे ते दिवस कोठीतले धान्य काढता येत नाही, म्हणून लागणारे दळण आधीच करून ठेवावे लागते, एवढीच अडचण.

दिवाळीत शेणाच्या गवळणी घालणे हाही प्रतिकृती करण्याचाच जुना प्रकार. डोक्यावर दुधाचे भांडे घेतलेल्या या बोटभर बाहुल्यांना साधन म्हणून हाताची बोटे पुरत. मुलांचे साहित्य म्हणजे ज्वारीची चिपाडे. जिल्हा ज्वारीचा, मालदांडी ज्वारीचे एम ३५-१ हे प्रसिद्ध वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातले. त्या ताटांची साल सोलून पट्ट्या आणि आतला पांढरा गाभा वेगळा केला, की पट्टीचे टोक गाभ्यात खुपसून बैलगाडी, चष्मा, घर काहीही जोडता येते. खिळा नको, डिंक नको. या कामासाठी घरातून फक्त विळी किंवा कातर पळवावी लागे.

खरी ओढाताण किल्ल्याची. सोलापूरचा स्वतःचा किल्ला भुईकोट आहे: सपाट जमिनीवर, दुहेरी तटाचा, एका बाजूला सिद्धेश्वर तलाव. अंगणात मात्र बहुधा डोंगरी किल्लाच उभा राहतो. विटा-दगडांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट आणि वरून मातीचा लेप. आसपासची माती काळी, कापसाची. ओली असताना ती लोण्यासारखी लागते आणि वाळताना आक्रसून भेगाळते. संध्याकाळी लिंपलेला कडा सकाळी फुटलेला दिसतो. उपाय तीन: मातीत शेण किंवा भुसा मिसळणे, खालचे गोणपाट सतत ओले ठेवणे आणि वरचा थर बारीक चाळलेल्या मातीचा देणे.

या तिसऱ्या उपायापाशी चाळणीचा प्रश्न येतो. घरात पिठाची चाळणी बहुधा एकच, आणि ती हवी असते नेमकी त्याच आठवड्यात, कारण बेसन आणि चकलीची भाजणीही तेव्हाच चाळायची असते. किल्ला आणि फराळ यांचे वेळापत्रक पूर्ण एक आहे. हत्यारेही जवळजवळ एकच. बुरुजासाठी उभा डबा किंवा फुलपात्र मातीने ठासून उपडे करायचे. करंजीच्या कडा कापायचे कातणे ओल्या मातीच्या पट्टीवरून फिरवले, की तटाच्या चर्यांसारखी नागमोडी कड मिळते. हे काम त्याच्याइतके सफाईने दुसऱ्या कशानेही होत नाही. सोऱ्यात शेवेची चकती घालून शाडू दाबली, की दोरखंड आणि गवताच्या पेंढ्या तयार होतात. लाटण्याने रस्ते सपाट होतात. पाट उलटा टाकला, की पायऱ्यांची बैठक होते.

यांतली बहुतेक भांडी धुतली की पूर्ववत होतात. चाळणी आणि सोऱ्या होत नाहीत. ओल्या मातीचे कण जाळीत अडकून वाळतात आणि घासले तर जाळी सैल पडते. शाडूतली रेती पितळी सोऱ्याच्या आतल्या भिंतीवर चरे पाडते आणि पुढे पीठ कडेने वर चढू लागते. म्हणून जुनी, फाटकी चाळणी टाकून न देता ‘किल्ल्याची चाळणी’ म्हणून माळ्यावर ठेवण्याची पद्धत अनेक घरांत रुजली. निकामी झालेल्या वस्तूला घरात असा हुद्दा मिळावा, हे या छंदाचे मोठे यश मानायला हवे.

किल्ल्यावरच्या हिरवळीसाठी मुले डबे धुंडाळतात. मोहरी चालते, गहू चालतो, पण कड्यावर टिकतो तो आळीव. त्याचे कारण बियाण्यातच आहे: भिजल्यावर आळिवाभोवती चिकट थर येतो आणि बी उभ्या उतारालाही धरून राहते. वसुबारसेला पेरले तर पाडव्यापर्यंत कडा हिरवा होतो. आळीव घरात बाळंतिणीच्या लाडवांसाठी आणलेला असतो, त्यामुळे नवे मूल आलेल्या घराचा किल्ला त्या वर्षी अधिक हिरवा होण्याची शक्यता असते.

कारंजे हा या कलेतला मानाचा भाग. त्याचे तत्त्व एका वाक्याचे आहे: पाण्याची टाकी जितकी उंच, तितकी धार उंच, आणि धार टाकीच्या पातळीच्या वर कधीच जात नाही. टाकी, नळी आणि बारीक तोटी हे तिन्ही भाग एकत्र जोडलेली घरातली पहिली वस्तू म्हणजे एनिमाचे भांडे. चिनी मातीसारखा मुलामा दिलेले हे पत्र्याचे भांडे औषधाच्या कपाटातून निघून खिडकीच्या गजाला लटके आणि त्याची तोटी किल्ल्याच्या तळ्यात उगवे. ते देवाच्या आराशीत चालते का, यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत सहसा प्रतिकूल असे. पडद्यामागे लपवले की चालते, असा तोडगा निघे.

पुढे सलाईनची नळी आली आणि एनिमाचे भांडे सुटले. सलाईनच्या नळीला प्रवाह कमी-जास्त करणारे चाक असते, त्यामुळे धारेची उंची बोटाने ठरवता येऊ लागली. हा मोठाच तांत्रिक लाभ होता. मात्र या नळ्या दवाखान्यातून, अनेकदा वापरलेल्या अवस्थेत आणि सुईसकट येत. १९९८ मध्ये देशात जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम लागू झाले, २०१६ मध्ये ते नव्याने आले, आणि वापरलेल्या नळ्या कापून वेगळ्या विल्हेवाटीला पाठवणे बंधनकारक झाले. ते योग्यच झाले. मुलांच्या हाती वापरलेली सुई जाणे ही कधीच गमतीची गोष्ट नव्हती. त्यानंतर औषधांच्या दुकानातून कोरी नळी विकत आणणे हाच सरळ मार्ग राहिला. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते तिथे कारंज्याचे पाणी वाया घालवणे कोणालाच परवडत नाही. तळ्याखाली परात ठेवायची, साठलेले पाणी वाटीने पुन्हा वरच्या भांड्यात ओतायचे, आणि या कामाला घरातले सर्वांत लहान भावंड नेमायचे, ही व्यवस्था त्यातून आली.

आराशीत काहीतरी फिरले पाहिजे, ही हौस यंत्रांच्या मुळावर आली. ग्रामोफोन असलेल्या घरांत त्याची तबकडी फिरते व्यासपीठ म्हणून वापरण्याजोगी होती. ती मिनिटाला ७८ फेरे घेते; त्या वेगात गोपिकांचे रिंगण एकमेकींवर कोसळते. वेगाची कळ मागे घेऊन आणि वर वजन ठेवून तबकडी मंद करता येते, पण चावीची स्प्रिंग लवकर उतरते आणि मधेच किल्ली द्यायला पडद्यामागे माणूस बसवावा लागतो.

विजेच्या टेबलफॅनने ही अडचण सोडवली, आणि घरगुती आराशीला मिळालेले सर्वांत उपयोगी यंत्र बहुधा तेच. त्याची मोटर मिनिटाला हजारावर फेरे घेते, पण मान डावी-उजवीकडे वळवणाऱ्या भागात दंतचक्रांमुळे हा वेग मिनिटाला मोजक्या हेलकाव्यांवर येतो. राक्षसाची मान हलवायला किंवा पाळणा झुलवायला हाच वेग हवा. म्हणून पाती आणि जाळी काढून पंख्याचे डोके मखरामागे बसवले जाई. पंख्याची मोटर स्वतःच्याच पात्यांच्या वाऱ्याने थंड राहते, हे पाती काढताना ध्यानात येत नसे. तास-दोन तासांत वार्निश जळाल्याचा वास येई, राक्षस थांबे, आणि गौरी जेवल्यानंतर पंखा रिवाइंडिंगच्या दुकानात जाई.

मिक्सरचे उलट झाले. १९६० च्या दशकात भारतीय बनावटीचे मिक्सर आले आणि पुढे घरोघरी पोचले. त्यांची मोटर मिनिटाला १८,००० च्या आसपास फेरे घेते. सुदर्शनचक्रासाठी हा वेग मोहात पाडणारा. पण पुठ्ठ्याचे चक्र त्या वेगात टिकत नाही, फाटून उडते. मिक्सरला प्रतिकृतीत जागा मिळाली ती दळण्यासाठीच. लाकडाचा भुसा त्यात बारीक करून हिरव्या रंगात भिजवला आणि वाळवला, की आळिवाची वाट न पाहता कुरणे तयार होतात. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या गावात कापडाचा रंग मिळायला अडचण नाही. हा रंग पोटात जाण्याजोगा नसतो, म्हणून त्या भांड्यात पुन्हा काही वाटू नये. सोलापूरची शेंगाचटणी उखळात कुटलेलीच खरी, असे मानणाऱ्या घरांना हा नियम पाळणे सोपे गेले असावे.

हेच उद्योग परदेशातही झाले आहेत. ब्रिटन-अमेरिकेतल्या रेल्वे-प्रतिकृतीकारांनी स्पंजाचे तुकडे पाण्यासह ब्लेंडरमध्ये दळून झाडांची पालवी केली, व्हॅक्यूम क्लीनरची नळी छिद्रांच्या पेटीला जोडून तापवलेला प्लॅस्टिकचा पत्रा साच्यावर ओढून घेतला आणि जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर रंगाचा फवारा चालवला. सोलापुरासारख्या गावांत फवाऱ्याचे काम ढेकणा-डासांसाठीच्या फ्लिटच्या पंपाने केले. त्यातून पडणारे थेंब मोठे असतात, पण डोंगरावर ते शोभतात.

रोषणाईतली सर्वांत चतुर उसनवारी ट्यूबलाइटच्या स्टार्टरची. स्टार्टर बल्बच्या जोडणीत मालिकेने लावला, की बल्ब आपोआप उघडझाप करतो. आतल्या वायूत पेटणाऱ्या मंद प्रकाशाच्या उष्णतेने धातूची दुहेरी पट्टी तापून वाकते, जोड लागतो, बल्ब पेटतो. जोड लागताच तो प्रकाश विझतो, पट्टी थंड होऊन सुटते आणि बल्ब मालवतो. ही उघडझाप अनियमित असते, म्हणूनच ती विजेच्या कडकडाटाला किंवा युद्धाच्या देखाव्याला फार साजते. पेटलेल्या ट्यूबमधून स्टार्टर काढला तरी ट्यूब चालू राहते. त्यामुळे चोरी त्या रात्री उघडकीला येत नाही. दुसऱ्या संध्याकाळी बटण दाबल्यावर घर अंधारात राहते, तेव्हा कळते.

हौशी रंगभूमीवरून आलेली मिठाच्या पाण्याची युक्ती मात्र घरात कधीच यायला नको होती. लोणच्याच्या बरणीत खारे पाणी, त्यात धातूच्या दोन पट्ट्या. वरची पट्टी खाली सोडत नेली की दिवा हळूहळू उजळतो आणि सूर्योदय होतो. यात उघड्या पाण्यात घरची वीज खेळत असते. बरणी तापून तडकली किंवा हात लागला, तर जीव जाऊ शकतो. सूर्योदय सुंदर होत असे हे खरे, आणि ही युक्ती मागे पडली हे फार बरे झाले.

थर्माकोल आल्यावर देवघरातली उदबत्तीही हत्यार झाली. थर्माकोल थोड्याशा उष्णतेने वितळतो, म्हणून पेटत्या उदबत्तीने त्यात जाळी कोरता येते. मोठे तुकडे कापायला शेगडीच्या जळालेल्या कॉइलची तार लाकडी चौकटीत ताणून, ट्रान्सफॉर्मरमधून कमी दाबाची वीज देऊन तापवत. धुराने डोळे चुरचुरत आणि खोलीला दिवसभर वास येई. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लॅस्टिकबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली आणि हा अध्याय संपला.

कूलरच्या पंपाची उसनवारी मात्र अजून चालू आहे, आणि ती खास सोलापूरच्या हवेची देणगी आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, त्यामुळे कूलर बहुतेक घरांत असतो. पाऊस सुरू झाला की तो माळ्यावर जातो. गणपतीपासून दिवाळीपर्यंत त्याचा १८-२० वॉटचा पंप रिकामाच असतो. तो तळ्यात बुडवला, की तेच पाणी पुन्हा पुन्हा वर चढते, धबधबा अखंड वाहतो आणि परात-वाटीचे काम संपते. धोके दोन. तळ्यातले पाणी आटून पंप कोरडा फिरला तर जळतो. आणि काळ्या मातीचा गाळ आतल्या पंख्यात गेला तर तो हळूहळू अडकतो. पातळ फडक्यात गुंडाळून ठेवल्यास पंप वाचतो. फडके राहून गेले असेल तर ते कळायला मार्च-एप्रिल उजाडतो. कूलर खाली उतरवून सुरू केला, की पाणी चढत नाही, आणि पंप उघडल्यावर आत किल्ला सापडतो.

थर्माकोल गेल्यावर पुठ्ठ्याला पुन्हा मान आला. यात सूत गुंडाळून येणारे कागदी कोन आहेत. उलटा उभा केला, की कोन देवळाचे शिखर किंवा मनोरा होतो. सर्वांत मोठी मागणी आहे ती फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या खोक्यांना. नालीदार पुठ्ठ्याचे हे खोके एका घराच्या मखराला किंवा डोंगराच्या सांगाड्याला पुरते, ओल्या कागदाचे थर त्यावर चांगले बसतात आणि आतला फ्रिज सुखरूप राहतो. नवे यंत्र घरात आले, की घरातली मुले यंत्राआधी खोके मागतात, आणि ते गणपतीपर्यंत जपून ठेवण्यासाठी माळ्यावर कूलरशेजारी जागा करावी लागते.