दुधाच्या दाताचे मोल

गेल्या आषाढात माझ्या नातीचा पहिला दात पडला. खालचा, समोरचा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. मक्याचे कणीस खाता खाता तो हाती आला. तो तळहातावर घेऊन ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "आजोबा, परी एका दाताचे किती रुपये देते?"

मी चकित झालो, ते तिच्या परीमुळे नव्हे. आपला दात विकायचा असतो ही गोष्टच मला नवीन होती. माझे बालपण भाईंदरजवळच्या राई गावात गेले. तेथे दात पडला, की आजी तो शेणाच्या लहानशा गोळ्यात दाबून हाती द्यायची आणि अंगणात उभे राहून कौलांवर फेकायला सांगायची. फेकताना उंदराला विनवायचे, की बाबा, माझा जुना घे आणि तुझ्यासारखा नवा दे. गोळी घरंगळून खाली आली तर फिरून फेकायची. शेजारच्या घरी दात तुळशीच्या मुळाशी पुरीत. शाळेतला माझा एक सोबती डोंगरीचा ख्रिस्ती होता. त्याच्या घरी शेण नव्हते, पण कौले होती आणि उंदीरही होता. या व्यवहारात पैशाचा संबंध कोठेच नव्हता. दाताला दात, असा तो रोकडा सौदा होता.

नातीचा प्रश्न डोक्यात राहिला आणि मी पुस्तके उघडली.

दाताविषयी आपल्या पूर्वजांनी विचार केला आहे, तो बराचसा भीतीच्या पोटी. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडातले १४० वे सूक्त बालकाच्या पहिल्या दोन दातांना उद्देशून आहे. वाघासारखे वाढलेले हे दात आईबापांना इजा करतील अशी तेथे धास्ती आहे, म्हणून त्यांना तांदूळ, जव, उडीद आणि तीळ यांचा वाटा देऊन शांत केले आहे. दात हा घरात आलेला एक नवा, बलवान पाहुणा; त्याचे मानपान आधी करावे, अशी ही वृत्ती.

काश्यपसंहिता हा बालरोगांवरचा जुना ग्रंथ १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्यात दातांच्या जन्मावर एक स्वतंत्र अध्याय आहे. माणसाचे दात बत्तीस. त्यांतले आठ एकदाच उगवतात, बाकीचे 'द्विज', म्हणजे दोनदा जन्मणारे, असे तो ग्रंथ सांगतो. आजचे शास्त्र दुधाचे दात वीस मानते, म्हणजे एकदाच येणाऱ्या दाढा बारा होतात. हिशेबात चारांचा फरक आहे, पण शब्द मात्र नेमका आहे. संस्कृतात पक्षी द्विज, उपनयन झालेला ब्राह्मण द्विज आणि दातही द्विज. पहिला जन्म आपोआप मिळतो. दुसऱ्यासाठी कोणाची तरी मदत लागते. मुंजीला आचार्य लागतो, अंड्याला पक्षिणीची ऊब लागते. दातासाठी लोकांनी उंदीर नेमला.

उंदीरच का, याचे उत्तर फ्रेझर या स्कॉटिश पंडिताने 'गोल्डन बाउ' या ग्रंथात दिले आहे. अंगापासून सुटलेल्या वस्तूचे अंगाशी असलेले नाते तुटत नाही, अशी आदिम माणसाची समजूत. म्हणून पडलेला दात उंदराच्या वाटेवर ठेवायचा, म्हणजे त्याच्या दातांचा चिवटपणा आपल्या उरलेल्या दातांत उतरेल. यात निरीक्षण खोटे नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतच असतात. तो कुरतडून ते झिजवतो. छपराचा खुलासाही फ्रेझरकडेच सापडतो. पॅसिफिक महासागरातल्या रारोटोंगा बेटावर मुले दात गवताच्या छपरावर टाकीत, कारण जुन्या गवतात उंदरांची घरे असत. आपल्याकडे एकदंत गणपतीच्या पायाशी उंदीर बसलेला पाहून मला क्षणभर मोठा शोध लागल्यासारखे वाटले. पण दोन गोष्टी शेजारी बसल्या म्हणून त्यांचे सोयरपण सिद्ध होत नाही. तो मोह मी आवरला.

तसाच दुसराही एक मोह आवरावा लागला. पोर्तुगालातही मुले पडलेला दात छपरावर टाकतात. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेईपर्यंत आमचा हा किनारा दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे होता. मग ही चाल त्यांनीच आणली काय? पण ग्रीसमध्ये आणि कोरियात मुले दात छपरावरच फेकतात. जपानात खालचा दात छपरावर आणि वरचा जमिनीकडे टाकतात, म्हणजे नवा दात त्या त्या दिशेला सरळ वाढावा. अरब देशांत तो सूर्याकडे भिरकावतात. या सर्वांना पोर्तुगीजांनी शिकवायला जाण्याचे कारण नव्हते. जेथे मूल आहे आणि डोक्यावर छप्पर आहे, तेथे ही कल्पना आपोआप सुचलेली दिसते.

पोर्तुगीजांच्या दप्तरात दाताची एक वेगळीच कथा मात्र आहे. गोव्याचा व्हाइसरॉय दों कोन्स्तांतीनु द ब्रागांझा याने १५६० साली जाफनावर स्वारी केली. त्या लुटीत एक दात सापडला. तो बुद्धाचा दात असल्याची वार्ता पसरली, तेव्हा ब्रह्मदेशातल्या पेगूच्या राजाने त्यासाठी तीन-चार लाख क्रुझादो देऊ केले. खजिना रिता होता, सरदारांच्या तोंडाला पाणी सुटले. पण धर्माधिकाऱ्यांनी मूर्तिपूजेला विक्रीने हातभार लावण्यास नकार दिला आणि १५६१ साली गोव्यात तो दात खलबत्त्यात कुटून, जाळून, राख नदीत सोडण्यात आली. खरा दात सुरक्षितच होता असे सिंहली लोक मानतात आणि कँडीच्या मंदिरात त्याची आजही पूजा होते. एका दातासाठी याहून मोठी रक्कम कोणी देऊ केल्याचे माझ्या वाचनात नाही; आणि तीच नाकारली गेली.

लेकरांच्या दाताला मोल येण्याची कथा उत्तरेकडची आहे. नॉर्स लोकांच्या प्राचीन काव्यात फ्रेय या देवाला पहिला दात आल्याची भेट म्हणून आल्फहेम हा सबंध प्रदेश दिल्याचा उल्लेख आहे. ही भेट दात आल्याची, गेल्याची नव्हे. पडलेल्या दाताबद्दल नाणे ठेवणारा उंदीर स्पेनमध्ये भेटतो. लुईस कोलोमा या पाद्र्याने १८९४ साली आठ वर्षांच्या राजा आल्फोन्सो तेरावा याच्यासाठी पेरेझ नावाच्या उंदराची गोष्ट लिहिली. त्या गोष्टीत उंदीर बालराजाला आपल्याबरोबर एका दरिद्री मुलाच्या माळ्यावरच्या खोलीत नेतो आणि त्या मुलाच्या उशीखाली सोन्याचे नाणे ठेवतो. आपल्या राज्यात अशीही मुले आहेत, हे राजाला त्या रात्री कळते.

परी मात्र अमेरिकेची, आणि वयानेही लहान. तिचा छापील उल्लेख १९०८ सालच्या एका शिकागो दैनिकातल्या गृहोपयोगी सूचनांत आढळतो. हलणारा दात काढू न देणाऱ्या हट्टी मुलांसाठी ही युक्ती सुचवली होती, आणि आयांनी पाच सेंटांच्या दुकानातून किरकोळ वस्तू आणून ठेवाव्यात असा सल्ला होता. वस्तूंची जागा पुढे नाण्यांनी घेतली, नाण्यांची नोटांनी. तेथील एक दंतविमा संस्था दरवर्षी दाताचा भाव काढते. १९९८ साली तो सरासरी १ डॉलर ३० सेंट होता. २०२३ साली ६ डॉलर २३ सेंटांवर गेला.

आमच्या गावाचेही या काळात बरेच काही बदलले. १९८५ साली पाच ग्रामपंचायती मिळून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, पुढे राई-मुर्धे, उत्तन वगैरे गावे तीत आली आणि २००२ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारीत वस्ती आठ लाखांवर गेली. आम्ही मीरा रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो. वर गच्ची आहे, तिला कुलूप आहे. दात फेकावा असे छप्पर नाही आणि उंदराला चढून येण्याची सोय नाही. परीला मात्र पंख आहेत. नातीच्या उशीखाली तिच्या बापाने शंभराची नोट ठेवली आणि मी गप्प बसलो.

इतिहास येथेच संपला असता. पण आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईंचा मुलगा सुट्टीच्या दिवशी आईबरोबर येतो. तोही सहा वर्षांचाच. नातीने त्याला नोट दाखवली. पंधरा दिवसांनी त्याचाही दात पडला. त्याने तो तीन रात्री उशाशी ठेवला. आईला या प्रकाराची वार्ता नव्हती, आणि त्याने कोणाला सांगितलेही नाही. चौथ्या दिवशी कागदाची पुडी घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला. "आजोबा, परी लिफ्ट असलेल्या घरीच येते का?"

मी त्याला उंदराची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले. "उंदीर पैसे देत नाही?"

"नाही. दात देतो."

"दात तर असाही येतोच ना?"

मला उत्तर सुचले नाही. मुलगा म्हणत होता ते खरे होते. दात उंदरावाचूनही येतो, हे आमच्या आजीलाही ठाऊक असणार. पण तिच्या अंगणात मिठागरावरच्या मजुराचे पोर आणि मालकाचे पोर एकाच कौलावर दात फेकीत, आणि दोघांनाही मिळायचे ते सारखेच मिळे. परीने ती बरोबरी मोडली. तिच्या हातात बापाचे पाकीट असते, आणि मुलांना वाटते की तिने आपल्याला पारखले. कोलोमाला हे सव्वाशे वर्षांपूर्वी उमगले होते, म्हणून त्याने राजालाच त्या खोलीत नेले.

रात्री मी हे मुलाला आणि सुनेला सांगितले. सून थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बाबा, आम्हाला हे सुचलेच नाही." पुढच्या रविवारी ती दोन्ही मुलांना घेऊन माझ्याबरोबर राईला आली. माझ्या चुलत भावाच्या घराच्या एका पडवीवर अजून मंगळुरी कौले आहेत. नातीने आपला दात परीने नेऊ नये म्हणून डबीत लपवून ठेवला होता, हे तेव्हाच कळले. पैसे घेऊन मालही तिने राखला होता.

शेण मिळाले नाही. कणकेच्या गोळ्या केल्या. तिची पहिल्याच फेकीत वर गेली. त्याची दोनदा घरंगळून खाली आली. तिसऱ्यांदा त्याने नेम धरून फेकली, आणि आम्ही सारे कान देऊन उभे राहिलो. कौलावर टक् असा आवाज झाला. मग काहीच ऐकू आले नाही.