थंडीतला अकरा तासांचा दिवस



मागच्या आठवड्यात डिंकाचे लाडू करायला घेतले आणि प्रमाण बघायला सासूबाईंची जुनी वही काढली. सुरुवातीच्या पानांवर डिंक पावशेर, खारीक अर्धा शेर असं लिहिलंय. पुढे तोच डिंक ग्रॅममध्ये येतो. आपल्याकडे दशमान वजनं १९५८ च्या ऑक्टोबरपासून येऊ लागली, त्यामुळे जुनी पानं कुठली ते लगेच कळतं. वही वाचत बसले आणि लाडू दुपारवर गेले.

पुण्याच्या थंडीचा विषय निघाला की सासूबाई १९३५ सालाची आठवण सांगायच्या. तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. संक्रांत नुकतीच झालेली, आणि वाड्यातल्या हौदाचं पाणी हाताला चावत होतं म्हणे. मला वाटायचं, म्हातारी माणसं थोडं वाढवूनच सांगतात. पण हवामान खात्याच्या नोंदीत १७ जानेवारी १९३५ ला पुण्याचं तापमान १.७ अंश आहे! ते खातं १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आपण अजून सिमला ऑफिस म्हणतो.

आपल्या घरांत हिवाळा कॅलेंडर बघून येत नाही, कार्तिक पौर्णिमेला येतो. चातुर्मास संपला की पालेभाजी, तीळ, सुकामेवा, खजूर स्वयंपाकघरात परत येतात आणि फाल्गुन चौमासीला पुन्हा आठ महिन्यांसाठी बंद होतात. म्हणजे मेथीचे ठेपले, तिळाची चिक्की, डिंकाचे लाडू, सगळी हौस या चार महिन्यांतच भागवायची. वहीत कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दरवर्षी एकच ओळ असे: ‘मंडई – मेथी ४ जुड्या.’ १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडलेल्या आपल्या फुले मंडईत त्या सासऱ्यांबरोबर जायच्या. मेथी, ओला हरभरा, तुरीच्या शेंगा, मटार, आवळे अशा भरलेल्या पिशव्या घेऊन परतायच्या.

गाजर हलवा आपल्याला नाही, म्हणून दुधीचा. उंधियूत बटाटा-सुरणाऐवजी कच्ची केळी. चहात आलं नाही, सुंठ. लाडवात खसखस नाही. मिठाईचा काळही ठरलेला: हिवाळ्यात ३० दिवस, उन्हाळ्यात २०, पावसाळ्यात १५. म्हणून वहीत लाडूंचा आकडा बरोबर महिन्याचा आहे, माणशी रोज एक. बी.कॉम. मी झाले, पण खरा हिशोब त्यांना येत होता.

माझं लग्न १९८३ चं. तेव्हा न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. पहाटे पाचला उठून लाकडं, करवंट्या पुंजणीने झाडून घ्यायच्या, एखादा जीव आत जाऊ नये म्हणून. मग बंब पेटवायचा. तिकडे पिण्याच्या पाण्याला तीन उकळ्या आणायच्या. उकळलेल्या पाण्याचा काळ हिवाळ्यात चार प्रहर, पावसाळ्यापेक्षा एक प्रहर जास्त. तेवढंच काम हलकं. मुलं बंबाभोवती हात शेकत बसायची. आज त्यांना विचारा, लहानपणीची थंडी म्हटलं की तो धुराचा वासच आठवतो. बंब पेटवणारी मात्र तिथे शेकायला कधी बसली नाही, ती पुढच्या कामाला लागलेली असायची.

आता तो अकरा तासांचा हिशोब. डिसेंबरअखेर पुण्यात सूर्य सातच्या पुढे उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. नवकारशीची ४८ मिनिटं वजा केली की खाण्यापिण्याला उरतात सव्वादहा तास. जूनमध्ये हेच साडेबारा तासांच्या आसपास भरतात. थंडीत भूक जास्त आणि वेळ दोन तासांनी कमी!

सासरे आणि हे दुकानातून साडेपाचला यायचे. गरम बाजरीची भाकरी, तूप, गूळ, मेथीची भाजी. सगळ्यांना तव्यावरची वाढून होईपर्यंत खिडकीतलं ऊन गेलेलं असायचं. सासूबाईंचा चौविहार. त्या ताटं उचलायच्या आणि म्हणायच्या, “मला आज भूकच नव्हती.” पहिल्या थंडीत मला ते खरं वाटलं. दुसऱ्या थंडीत मी मोजलं. एका महिन्यात अकरा संध्याकाळी त्यांना भूक नव्हती.

त्या दिवशी धीर करून म्हटलं, “आई, उद्यापासून पाच वाजता तुम्ही आधी बसायचं. मी वाढते.”

“अगं, पुरुषमाणसं यायची आहेत अजून.”

“त्यांच्या भाकऱ्या मी करेन. आणि माझं ताट तुमच्या शेजारीच मांडते.”

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाचला बसल्या. पहिला घास घेऊन म्हणाल्या, “भाकरी गरम असली की गोड लागते गं.” लग्नाला पस्तीस वर्षं झालेली बाई हे सांगत होती. मी तव्याकडे तोंड फिरवलं.

त्याग आणि उपाशी राहणं यांत फरक आहे, असं मला वाटतं. चौविहार त्यांनी स्वतःच्या मनाने घेतला होता. उपाशी मात्र आम्ही ठेवत होतो, वाढण्याच्या क्रमामुळे. वहीत डिंक आहे, मेथी आहे, माणशी लाडू आहेत. त्यांचं स्वतःचं ताट कुठेच नाही.

आता बंब माळ्यावर आहे. सूनबाई नोकरी करते, थंडीत संध्याकाळचा डबा बरोबर नेते आणि पाच वाजता ऑफिसमध्येच जेवते. मी तिला ठेपले करून देते. तिने विचारलं, लाडू किती करायचे? मी वहीप्रमाणे माणसं मोजली, आणि या वेळी आम्हा दोघींनाही धरलं.

तुमच्या घरात थंडीत सगळ्यांत शेवटी कोण जेवतं, आज जरा बघा. कमी-जास्त लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.